रस्त्यावरचं तरणं कुत्रं घरी आणताय? पहिल्या तीन महिन्यांत काय काय करायचं

गेल्या दोन महिन्यांत मला चार जणांनी हेच विचारलं, की रेस्क्यूमधलं सात-आठ महिन्यांचं कुत्रं आणतोय, नवीनच आहोत, काय करायचं सांगा. प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा म्हणलं एकदाच नीट लिहून काढावं.

मी लातूरला राहते. खाली घरमालक, वर आम्ही, भाड्याचं घर. घरात सासूबाई, नवरा, पाचवीतली मुलगी आणि भिंगरी. भिंगरी तीन वर्षांपूर्वी आली तेव्हा आठ महिन्यांची होती, रंग अगदी लाल कंधारी वासरासारखा, पाय लांबलचक, कंबर मुठीत मावेल एवढी. डॉक्टर म्हणले आई गावठी असेल पण बाप कारवानच्या वळणाचा दिसतोय, आपल्या लातूर-उदगीरकडं कारवान आणि पश्मी कुत्री पहिल्यापासून आहेतच, त्यामुळं इकडच्या मिक्स कुत्र्यांत ते रक्त बऱ्याचदा असतं आणि ते रक्त पळण्यासाठीच बनलेलं असतं. भिंगरीशिवाय सहा कुत्री माझ्याकडं थोड्या थोड्या दिवसांसाठी राहून पुढं दुसऱ्या घरी गेली. त्यातली दोन परत आली. दोन्ही वेळेला कारण एकच, "लई मस्ती करतंय, आवरत नाही," आणि दोन्ही वेळेला तिसरा-चौथा आठवडा. म्हणून हे सगळं त्या चौथ्या आठवड्यासाठी लिहितेय असं समजा. आणायला अर्धा दिवस पुरतो, खरी परीक्षा नंतर असते.

आणि एक गोष्ट आत्ताच सांगते, कारण बाकी काही विसरलात तरी ही लक्षात राहिली पाहिजे: तरण्या कुत्र्याला पळवून पळवून शांत करता येत नाही. त्याच्या नाकाला काम द्या आणि त्याला झोपू द्या. कसं ते खाली येतंच.

आधी घरात बसून बोला

पहिला प्रश्न पैशाचा नाही, पहाटेचा आहे. आपल्याकडं मार्चच्या शेवटापासून जूनपर्यंत आठ वाजले की रस्ता तापतो, म्हणजे फिरवायचं तर सकाळी साडेपाच ते सात आणि रात्री आठनंतर. रोज. पावसात पण, लग्नाच्या घरी पण, तुम्हाला ताप असला तरी पण. घरातलं कोण उठणार ते नाव घेऊन ठरवा, "आपण सगळे मिळून करू" म्हणलं की कुणीच करत नाही. कुणालाच जमणार नसेल तर तरणं कुत्रं आणू नका, चार-पाच वर्षांचं शांत कुत्रं बघा, त्यांनाही घर हवंच असतं आणि त्यांना विचारणारं कुणी नसतं.

घर भाड्याचं असेल तर मालकाला आधी विचारा आणि त्यांचा होकार व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. अपार्टमेंटमध्ये स्वतःचं घर असेल तर सोसायटीला कुत्रं पाळायला सरसकट बंदी घालता येत नाही, भारतीय पशू कल्याण मंडळाच्या 2015 च्या सूचना तशा आहेत, तरी शेजाऱ्यांशी भांडून सुरुवात करण्यापेक्षा आधी जाऊन सांगून आलेलं बरं. महानगरपालिकेत किंवा नगरपालिकेत नोंदणी लागते का तेही विचारून घ्या.

क्लासेससाठी लातूरला आलेल्या पोरापोरींना हात जोडून सांगते, रूमवर पिल्लू ठेवू नका. माया असते त्यांना, ते कळतं मला. पण नीटची परीक्षा झाली की मे महिन्यात रूम रिकामी होते आणि ते पिल्लू ऐन उन्हाळ्यात त्याच गल्लीत राहतं, जिथं त्याला आता ना भाकरी शोधता येते ना दुसऱ्या कुत्र्यांत मिसळता येतं. फिरायला न्या, खाऊ घाला, लसीला मदत करा, तेवढंही खूप आहे.

घरातली मोठी माणसं नाही म्हणत असतील तर जबरदस्ती करू नका, कारण दिवसभर घरी तीच असतात. आमच्या सासूबाईंचं म्हणणं होतं, "घरात देव हायत, लेकरू हाय, कशाला आणूलालीस ते कुत्रं." मी वाद घातला नाही. त्यांचं माहेर हिंगोलीकडचं, नरसी नामदेवच्या जवळचं. दोन दिवसांनी त्या आपणच म्हणल्या, नामदेव महाराज भाकरी घेऊन पळालेल्या कुत्र्याच्या मागं तुपाची वाटी घेऊन पळाले होते, मग आपण कोण नाही म्हणणारे, फक्त देवघरात येऊ द्यायचं नाही. तो नियम आजपर्यंत पाळलाय. असा एखादा नियम मोठ्यांना त्यांच्या मनासारखा ठरवू द्या, त्यांचाही जीव गुंततो.

निवडताना

फोटो बघून हो म्हणू नका. दोनदा जाऊन भेटा, एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी, आणि नुसतं बसा. स्वतःहून येऊन हुंगून जातंय, परत येतंय, हात पुढं केला तर मागं सरकलं तरी पळून जात नाही, असं कुत्रं नवीन माणसाला चांगलं. एकदम अंगावर झेपावणारं किंवा कोपऱ्यात थिजून बसलेलं कुत्रं वाईट नसतं, पण त्याला अनुभवी माणूस लागतो.

रेस्क्यूवाल्यांना हे विचारा: लसीचं कार्ड आहे का, नसबंदी झालीय का, मांजर-शेळ्या-लहान मुलं बघून काय करतं, आधी कुणी नेऊन परत केलंय का आणि का. शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका. डोळ्यांत-नाकात घाण, खोकला, पातळ संडास, पांढुरक्या हिरड्या यातलं काही दिसलं तर आधी उपचार होऊ द्या. कानाच्या टोकाला छोटी खाच कापलेली असेल तर ती नसबंदी झाल्याची खूण असते, घाबरू नका. शक्य असेल तर पंधरा दिवस सांभाळून बघायची मुदत मागा, चांगले रेस्क्यूवाले स्वतःच देतात.

घर आधी तयार करा

सगळ्यात आधी गच्ची आणि बाल्कनी. तरणं कुत्रं तीन-चार फुटांच्या कठड्यावर सहज उडी मारतं आणि पलीकडं काय आहे ते त्याला ठाऊक नसतं. गच्चीचं दार बंद, किंवा बरोबर माणूस. चपला वर, चार्जरच्या वायरी वर, उंदराचं औषध घरातून बाहेर, आणि शेतकऱ्याचं घर असेल तर फवारणीची औषधं कुलपात.

खरेदी थोडीच करा. छाती-पाठीवरून बसणारा हार्नेस, एक गळ्यातला पट्टा, दोन दोऱ्या, आणि पट्ट्याला तुमचा मोबाईल नंबर कोरलेला बिल्ला. कारवान वळणाच्या कुत्र्याची मान लांब आणि डोकं बारीक असतं, घाबरून मागं सरकलं की साधा पट्टा डोक्यावरून निघून येतो, म्हणून पहिले तीन महिने एक दोरी हार्नेसला आणि एक पट्ट्याला, दोन्ही एकाच हातात. अंथरायला जुनी गोधडी चालते, महागडा बेड पहिल्या आठवड्यात कापूस होऊन घरभर उडतो.

एक कोपरा त्याचा ठरवा, येण्याजाण्याच्या वाटेपासून लांब, पंख्याचं वारं येईल असा. तिथं असताना त्याला कुणीही हात लावायचा नाही, मुलांनी तर नाहीच.

पहिला दिवस आणि पहिली रात्र

सुट्टीच्या आदल्या दिवशी आणा, शक्यतो सकाळी. गाडीतून उतरवून थेट घरात नेऊ नका, आधी जिथं रोज शी-सू करायचंय तिथं न्या आणि करेपर्यंत थांबा, वीस मिनिटं लागली तरी. मग घरात, दोरी लावूनच, एकेक खोली. पाहुणे नकोत, आंघोळ नको, मिठ्या नकोत, व्हिडिओ कॉल नकोत. ते जेवलं नाही तरी घाबरू नका, पहिला दिवसभर बरीच कुत्री खात नाहीत, पाणी पितंय ना तेवढं बघा.

भिंगरी पहिल्या रात्री सोफ्यामागं शिरली आणि पहाटेपर्यंत कण्हत होती. मी तिथंच फरशीवर चटई टाकून पडले, तिच्याकडं पाठ करून, काही न बोलता. साडेतीनच्या सुमाराला माझ्या टाचेला काहीतरी ओलं लागलं, तिचं नाक होतं, एकदा हुंगलं आणि परत मागं गेली. मी हलले नाही. सकाळी बघितलं तर ती चटईच्या टोकावर मुटकुळं करून झोपलेली होती. एवढंच करायचं असतं पहिल्या रात्री.

साधारण तीन दिवस भेदरलेलं, तीन आठवडे रुळण्यात, तीन महिने घर आपलं वाटण्यात, असा एक ढोबळ हिशोब कुत्रं सांभाळणारे सांगतात. यातली गंमत कळून घ्या: पहिले दहा दिवस जे गुणी वाटतं ते गुणी नसतं, भेदरलेलं असतं. भीती गेली की खरा स्वभाव, खरी ताकद बाहेर येते, आणि नेमकं तेव्हाच लोक म्हणतात की कुत्रं बिघडलं. बिघडलेलं नसतंय हो, आता कुठं त्याला घर घरासारखं वाटायला लागलेलं असतंय.

डॉक्टर

पहिल्या दोन-तीन दिवसांत दाखवा. लसीचा पत्ता नसेल तर काहीच झालं नाही असं धरून चालायचं: पार्व्हो-डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या रोगांची एकत्रित लस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोनदा, आणि रेबीजची लस, पुढं डॉक्टर सांगतील तसं, रेबीज तर चुकवूच नका. जंताचं औषध वजनावर. घरात आधीचं कुत्रं असेल तर दोन आठवडे दोघांना वेगळं ठेवा, भांडी पण वेगळी. उलट्या आणि रक्ताची, घाण वासाची संडास दिसली तर सकाळची वाट बघू नका, पार्व्होमध्ये एकेक तास महत्त्वाचा असतो.

आपल्याकडं गावात जनावरांचे डॉक्टर असतात पण कुत्र्याचं ऑपरेशन, सोनोग्राफी सगळीकडं होत नाही. परभणी आणि उदगीर दोन्हीकडं पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, अवघड केस असेल तर तिथं न्यायची तयारी ठेवा. शेताकडं असाल तर पशुसंवर्धनाच्या फिरत्या दवाखान्यासाठी 1962 हा नंबर मोबाईलमध्ये ठेवा.

आणि माणसांचं: खेळताना दात लागून रक्त आलं, ओरखडा आला, तर साबण लावून नळाखाली पंधरा मिनिटं धुवा, हळद-चुना-मिरची काही लावू नका, आणि सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची इंजेक्शनं सुरू करा. "घरचंच आहे" म्हणून सोडून देऊ नका, नव्याने आणलेल्या कुत्र्याचा मागचा इतिहास कुणालाच माहीत नसतो आणि रेबीज झाल्यावर माणूस वाचत नाही.

आता मुख्य काम, त्याची ताकद कुठं लावायची

भिंगरी रुळली आणि तिसऱ्या आठवड्यात घर डोक्यावर घेतलं. मला वाटलं ताकद जास्त आहे, पळवलं पाहिजे. सकाळी अर्धा-पाऊण तास बॉल टाकायचे, जीभ लोंबेपर्यंत, आणि घरी आलो की ती कानात वारं शिरलेल्या वासरासारखी, सोफ्यावरून कॉटवर, कॉटवरून मुलीच्या अंगावर, पडदा दातात, परत पॅसेजमध्ये. पंधरा दिवसांनी अर्ध्या तासाने तिला काहीच होईना, पाऊण तास लागायला लागला. डॉक्टर म्हणले अहो तुम्ही तिला पैलवान करताय, रोज तालमीत घालताय, दम वाढणारच. शिवाय बॉलमागं पळून पळून कुत्रं इतकं चेकाळतं की ते परत खाली यायलाच तास जातो.

त्यांनी सांगितलेलं केलं ते असं. उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे दहा-बारा तुकडे, जुन्या टॉवेलवर पसरायचे, टॉवेल गुंडाळायचा आणि जमिनीवर ठेवायचा. पहिल्या दिवशी तिनं दातांनी ओढायला बघितलं. मग थांबली. नाक टॉवेलच्या घडीत घातलं आणि फुस-फुस-फुस असा आवाज यायला लागला, नाकपुड्या दोन्ही बाजूंनी हलत होत्या, शेपूट खाली आली, कान मागं गेले, पंजाने एक घडी हळूच उलगडली, एक तुकडा. परत नाक आत. आठ मिनिटं लागली. शेवटचा तुकडा खाल्ला, टॉवेलवर अजून एकदा नाक फिरवून खात्री केली, मोठा सुस्कारा सोडला आणि फरशीवर आडवी झाली. पाऊण तास पळून जी बसत नव्हती ती आठ मिनिटांत झोपली, मी नुसती बघत राहिले.

तेव्हापासून तिचं निम्मं जेवण ताटलीत नसतं. कधी टॉवेलमध्ये, कधी किराण्याच्या खोक्यात चुरगळलेल्या कागदांखाली, कधी चार स्टीलच्या वाट्या पालथ्या घालून एकीखाली, कधी अंगणातल्या गवतात उधळून. सोपं करून सुरुवात करा, पहिल्याच दिवशी सापडलं नाही तर ते वैतागून टॉवेल फाडणार. दिवसातून दोन-तीनदा, दहा-दहा मिनिटं, बास. मुलीला लपायला सांगा आणि कुत्र्याला शोधू द्या, यात मुलगी पण खूश.

फिरवताना पण हेच. लांब दोरी, आणि त्याच्या चालीनं. एक विजेचा खांब पाच मिनिटं हुंगत असेल तर हुंगू द्या, ओढत नेऊ नका, रात्रीतून तिथून कोण कोण गेलं ते सगळं त्याला तिथं कळत असतं. अर्धा तास हुंगत फिरलेलं कुत्रं तासभर पळालेल्या कुत्र्यापेक्षा शांत परत येतं. पळू द्यायचंच नाही असं नाही, आठवड्यातून दोन-तीनदा कुंपण असलेल्या जागी मोकळं पळू द्या, कारवान रक्ताच्या कुत्र्याला ते लागतंच.

आणि झोप. तरण्या कुत्र्याला दिवसरात्र मिळून चौदा-सोळा तास झोप लागते आणि ते स्वतःहून घेत नाही, घरात सारखी हालचाल असली की ते लहान लेकरासारखं जागंच राहतं आणि मग चिडचिड करतं, चावतं. संध्याकाळी सात वाजता अचानक वेड्यासारखं गोल गोल पळायला लागलं तर नव्वद टक्के वेळा ते थकलेलं असतं, असा माझा अनुभव आहे. आपल्याकडचं ऊन इथं कामाला येतं. सकाळी अकरा ते पाच खोली अंधारी, पंखा, पाण्याचं भांडं, दार लोटलेलं, आणि कुणी आत जायचं नाही. चार दिवस कुरकुर करतं, पाचव्या दिवशी स्वतःच जाऊन झोपतं.

दात लावणं आणि अंगावर उड्या मारणं यावर लोक तोंड दाबून धरतात, चापट मारतात, त्यानं एक तर ते घाबरतं नाही तर त्याला खेळ वाटतो. दात लागला की खेळ बंद, खांबासारखं उभं राहायचं, हात काढून घ्यायचे, तरी ऐकलं नाही तर खोलीबाहेर जाऊन वीसेक सेकंदांनी परत यायचं. उडी मारली की पाठ फिरवायची, चारही पाय जमिनीवर टेकले की लगेच लाड. हे घरातल्या प्रत्येकाने सारखं करायचं, एक जण पाठ फिरवतो आणि दुसरा "ये रे माझ्या राजा" करून कुरवाळतो तिथं कुत्रं काहीच शिकत नाही. मुलांना सांगा, पळायचं नाही, किंचाळायचं नाही, जेवताना जवळ जायचं नाही. पहिले काही महिने लहान मूल आणि कुत्रं एका खोलीत एकटं सोडू नका, कितीही गुणी असलं तरी.

शेळ्या, कोंबड्या, स्कूटर मागं लागत असेल तर शेळी दिसली की ओरडू नका. ते बघून ताठ व्हायच्या आधीच, लांब असतानाच, नाव घेऊन वळवा आणि वळलं की तुकडा द्या. रोज थोडं थोडं अंतर कमी करा. महिने लागतात याला.

एक मात्र करू नका, मस्ती करतंय म्हणून दिवसभर साखळीला बांधून ठेवणं. साखळीवरचं कुत्रं आणखी चेकाळतं आणि पुढं चावकं होतं. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही कलम 11 मध्ये कायम बांधून ठेवलेल्या कुत्र्याला मालकानं नीट फिरवलं नाही तर तो गुन्हा धरलाय, हे फार जणांना माहीत नसतं.

जेवण

ज्वारीची भाकरी चालते, पण नुसती भाकरी आणि दूध म्हणजे जेवण नाही. वाढत्या, पळत्या अंगाला अंडी, चिकन, दही असं काहीतरी रोज हवं. मी भाकरी चिकनच्या बिनमिठाच्या पाण्यात कुस्करते, त्यात चिकन किंवा अंडं, थोडा भोपळा. दूध बऱ्याच कुत्र्यांना पचत नाही, दही पचतं. आपलं कालवण देऊ नका, येसराची आमटी तर अजिबात नको, कांदा-लसणानं त्यांच्या रक्तातल्या पेशी फुटतात. द्राक्षं, मनुका, चॉकलेट, शुगर फ्री च्युइंग गम नको. शिजवलेली हाडं नकोत, त्यांचे टोकदार तुकडे होतात. आंब्याची कोय आणि कणीस खाऊन उरलेला दांडा उचलून कचऱ्यात टाका, गिळला की आतड्यात अडकतो. आणि ताप आला म्हणून घरातली तापाची, अंगदुखीची गोळी देऊ नका.

ऊन, पाणी, गोचीड

फिरायला निघायच्या आधी हाताची उलटी बाजू डांबरावर सात सेकंद टेकवा. तुम्हाला सहन होत नसेल तर त्याच्या पंजालाही होणार नाही. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत कुत्र्याला घाम येत नाही आपल्यासारखा, धापा टाकूनच ते गार होतं. धाप थांबेना, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक, पाय लटपटतायत, तर सावलीत घेऊन अंगावर साधं नळाचं पाणी ओता, पंखा लावा, लगेच दवाखाना. बर्फ नको.

पाण्याचं आपल्याला कुणी सांगायला नको, 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं आम्ही बघितलंय. म्हणून आंघोळीचा बाऊ करू नका, महिन्यातून एकदा पुरते, एरवी ओल्या फडक्यानं पुसून काढा. प्यायचं पाणी मात्र दोन ठिकाणी, मातीच्या भांड्यात, दिवसातून दोनदा बदलून.

गोचिडांना हलक्यात घेऊ नका. भिंगरी आल्याच्या दुसऱ्या महिन्यात एका सकाळी हार्नेसचा आवाज ऐकूनही उठली नाही. जी हार्नेस दिसला की दारावर उड्या मारायची ती. ओठ वर करून बघितलं तर हिरडी पांढुरकी, कोमट, दाबली तर रंग परत यायला वेळ लागत होता. त्याआधी आठ दिवस कानात दोन-तीन गोचीड सापडले होते, ओढून टाकले आणि विसरून गेले. गोचीडताप निघाला, प्लेटलेट खूप उतरल्या होत्या, अठ्ठावीस दिवस गोळ्या चालल्या. ती वाचली कारण त्याच दिवशी नेली.

तर रोज रात्री पाच मिनिटं: कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली, शेपटीच्या बुडाशी. सापडला तर चिमट्यानं कातडीजवळ धरून सरळ ओढा, नखाने चिरडू नका, साबणाच्या पाण्यात टाका. प्रतिबंधाचं औषध डॉक्टरांकडून वजनावर घ्या. गोठ्यातलं जनावरांचं गोचिडाचं औषध अंदाजानं लावणारे खूप आहेत, त्यानं कुत्री मेलेली मी बघितलीत. पावसाळ्यात रात्री बाहेर काढताना बॅटरी घ्या, साप-विंचवाचे दिवस असतात.

नसबंदी, फटाके, आणि मोकळं सोडणं

नसबंदीबद्दल सहा महिन्यांनंतर डॉक्टरांना विचारून तारीख घ्या, भाद्रपदाच्या आधी झालेली बरी. त्या दिवसांत नर-मादी दोन्ही दार उघडं दिसलं की निघून जातात. टाके असताना दहा-बारा दिवस पळणं बंद, तेव्हा टॉवेलचा खेळच तारून नेतो.

दिवाळी, गणपतीची मिरवणूक, लग्नसराईतला डीजे: या दिवसांत अंधार पडायच्या आत फिरवून आणा आणि दारं लावून घ्या, कुत्री हरवतात ती बहुतेक अशाच रात्री. हाक मारल्यावर येणं शिकवायचं असेल तर एक आवाज ठरवा. आमचा स्टीलच्या डब्याचा आहे, डबा वाजवला की तुकडा मिळतो, कायम, रागावण्यासाठी तो डबा कधी वाजवला नाही. तीन वर्षं झाली तरी उघड्या रानात मी तिला दोरीशिवाय सोडत नाही, ससा दिसला की डबाच काय, तिला मीही ऐकू येत नाही.

आणि सगळं करूनही खरंच जमत नसेल, आजारपण आलं, बदली झाली, तर ज्यांच्याकडून आणलं त्यांना फोन करा. रागावतील, पण घेतील. हायवेला किंवा बाजाराच्या गावाला सोडून येऊ नका. 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात सुप्रीम कोर्टानंही रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घेणाऱ्यावर ते परत रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी टाकलीय.

माझ्याकडं परत आलेल्या दोघांपैकी काळ्या आता औशाकडं एका घरी आहे. पाठवताना मी त्या काकांना हेच सगळं सांगितलं होतं. चौथ्या आठवड्यात त्यांचा फोन आला तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. काका म्हणले, "ताई, टॉवेल पार चिंधी झालाय, आता काय घेऊ?" म्हणलं तुमचं जुनं धोतर घ्या, फक्त कडेचे सुटलेले दोरे आधी कापून टाका, पोटात गेले तर आतड्यात गुंततात.